वाईट दिवसाच्या मापाची सवय

गेल्या अंकात मी एवढंच विचारलं होतं, की तुमचा दिवस सावरून धरणारी एखादी बारकीशी गोष्ट आहे का, आणि नसेल तर नेमकं अडतं कुठे. त्यावर पत्रं आली, व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज आले, दोन तर चक्क पोस्टकार्डं आली. सगळं छापणं शक्य नाही म्हणून पाच निवडलीत, थोडी आटोपती केलीत, नावं काढून टाकलीत, गाव किंवा भाग तेवढा ठेवलाय.

उत्तरांच्या आधी एक आठवण सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सध्या चातुर्मास चालू आहे. माझी आजी नाशिकला पंचवटीतल्या वाड्यात राहायची आणि चातुर्मासात रोज देवापुढे रांगोळीनं ३३ गोपद्मं, म्हणजे गाईची पावलं, काढायची, एका ओळीत, सारख्या अंतरावर, बघत राहावीत अशी. एका श्रावणात तिला सणकून ताप आला, इतका की पाण्याचं भांडं हातात धरवेना. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तिनं मला पाट देव्हाऱ्यापाशी ओढायला लावला, भिंतीला पाठ टेकून बसली आणि थरथरत्या चिमटीनं एकच गोपद्म काढलं, तेही वाकडं. "आजचं झालं" म्हणाली आणि जाऊन झोपली. चार दिवस असं एकेकच चाललं, बरं वाटल्यावर परत ३३. ना हळहळ, ना राहिलेल्यांचा हिशोब.

मला वाटतं आपलं चुकतं ते इथेच. सवय लावायची ठरवताना आपण चांगल्या दिवसाचं माप घेतो, झोप झालेली, मूड छान, घरात कुणी आजारी नाही. आणि मग वाईट दिवस आला की ते अंगाला बसत नाही. खरं तर सवयीची गरज असते ती त्याच दिवशी.

पत्र पहिलं: मी ३६ वर्षांची, इंदिरानगरला राहते, नोकरी करते, दोन मुलं आहेत. दर १ जानेवारीला आणि दर पाडव्याला ठरवते की पाचला उठायचं, योगा, ध्यान, डायरी, अर्धा तास चालणं. सगळ्यात जास्त टिकलं ते १९ दिवस. २१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात, माझे २१ कधी होतच नाहीत. ताई, माझ्यात इच्छाशक्तीच नाही का हो?

आधी त्या २१ चा सोक्षमोक्ष लावू, कारण त्या आकड्यानं फार जणांना उगाच अपराधी वाटतं. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० साली लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नवीन चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस जातात. म्हणजे विषय होता चेहऱ्याचा, आणि तोही "कमीत कमी". पुढे सांगता सांगता ते "कमीत कमी" गळून पडलं आणि व्यायामापासून पहाटे उठण्यापर्यंत सगळ्याला २१ चिकटले.

मोजून बघितलं ते नंतर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक साधी गोष्ट निवडायला लावली, जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, थोडं चालणं वगैरे, आणि १२ आठवडे नोंदी ठेवल्या. गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण कुणाला १८ दिवस पुरले तर कुणाचा अंदाज थेट २५४ वर गेला. सोपी गोष्ट लवकर मुरली, अवघड गोष्टीला वेळ लागला. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढे आहे, एखादा दिवस चुकला म्हणून आधीची मेहनत वाया गेली असं दिसलं नाही. म्हणजे तुमचे १९ दिवस पाण्यात गेले नाहीत हो, विसाव्या दिवशी तुम्ही स्वतःला नापास केलंत आणि सोडून दिलंत, एवढंच झालं.

कहाणीत आपण ऐकतो, उतू नये मातू नये, घेतला वसा टाकू नये. तिथे टाकू नये म्हटलंय, एखाद दिवस चुकला तर काय याबद्दल काही शिक्षा सांगितलेली नाही. चुकणं वेगळं, टाकणं वेगळं.

आता तुमची यादी बघू. पाच नवीन गोष्टी, सगळ्या एकाच पहाटे, आणि घरात दोन डबे, स्कूल बस, स्वतःचं आवरणं. इच्छाशक्तीचा प्रश्नच नाही इथे, कुणीही थकेल. यातली एकच ठेवा आणि ती इतकी लहान करा की मुलाला रात्रभर ताप असला आणि तुम्ही जागरण केलंय तरी सकाळी होईल. आणि तिला घड्याळाच्या काट्याला बांधू नका, रोज न चुकता होणाऱ्या कामाला बांधा. पीटर गोलविट्झर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी हे "अमुक झालं की मी तमुक करीन" अशा ठरवण्यावर बरंच काम केलंय, आणि नुसत्या "आता रोज करायचंच" पेक्षा हे जास्त पार पडतं असं पुन्हा पुन्हा दिसलंय.

तुमच्याकडे चहा रोज होतोच ना? मग आधण ठेवलं की फोन फ्रिजवर ठेवायचा आणि चहा होईपर्यंत फक्त चहा करायचा. आलं ठेचल्यावर जो वास येतो तो घ्यायचा, पातेल्याच्या कडेला आधी बारीक बुडबुडे येतात मग मध्ये उकळी फुटते ते बघायचं, खांदे कानाजवळ चढलेले असतात ते खाली सोडायचे. चार मिनिटं. हेच तुमचं ध्यान, निदान पुढचे दोन महिने तरी. झालं की मनात म्हणायचं "आजचं झालं", हे मुद्दाम म्हणायचं, कारण लहान गोष्टीनंतर लगेच बरं वाटलं की मन ती परत मागतं.

चालायचं असेल तर तुमच्याकडचा जॉगिंग ट्रॅक आहेच, पण माप अर्ध्या तासाचं नको, ट्रॅकच्या गेटपर्यंत जाऊन परत यायचं एवढंच धरा. गेटशी पोचल्यावर बहुतेक वेळा पाय आतच वळतात. नाही वळले तरी आजचं झालं.

पत्र दुसरं: अंबडला कंपनीत आहे, तीन शिफ्ट, दर आठवड्याला बदलते. सगळे सकाळचं रूटीन, सकाळचं रूटीन करतात, माझी सकाळच दर आठवड्याला वेगळ्या वेळी होते. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

तुमचा प्रश्न फार रास्त आहे आणि याचा विचार लिहिणारे करत नाहीत. तुम्ही घड्याळ सोडूनच द्या. तिन्ही शिफ्टला सारखं काय असतं? घरी आल्यावर बूट काढणं आणि डबा घासायला टाकणं. त्याला बांधा. बूट काढले की गॅलरीत किंवा दारात उभं राहून पाच संथ श्वास, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जरा जास्त वेळ द्यायचा, आणि मगच घरात बोलायला सुरुवात. कंपनीतली कटकट उंबऱ्याबाहेर राहते, घरच्यांनाही माणूस जरा ओळखीचा वाटतो.

झोपेचं मात्र गंभीरपणे घ्या, कारण तुमच्या कामात चिडचिड आणि उदासी बरीचशी तिथूनच येते. नाईट करून सकाळी येताना डोळ्यावर ऊन पडलं की शरीराला वाटतं दिवस सुरू झाला, म्हणून येताना गॉगल लावा, खोलीला जाड पडदा लावा, आणि शिफ्टच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा टाळा. नाईटचा आठवडा असेल तेव्हा घरच्यांना तुमच्या झोपेची वेळ सांगून ठेवा, दाराची बेल बंद ठेवायलाही सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही.

पत्र तिसरं: निफाड तालुक्यातला आहे, वय ४१, तीन एकर द्राक्षबाग. गेल्या सीझनला काढणीच्या तोंडावर गारपीट झाली, घड फुटले, व्यापारी फिरकला नाही. सोसायटीचं कर्ज आहे. आता फळासाठीची गोडी छाटणी जवळ आली तरी बागेत जायची इच्छा होत नाही. रात्री दोनला जाग येते ती येतेच. सगळे म्हणतात पॉझिटिव्ह राहा. कधी कधी वाटतं एकदाचं सगळं संपवून टाकावं.

भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं आणि संपादकांना सांगून तुम्हाला त्याच दिवशी फोन केला, आपलं बोलणं झालंय. तरी इथे लिहिते, कारण हेच वाक्य मनात घेऊन हे पान वाचणारा अजून कुणीतरी असणार.

असा विचार येत असेल तर सवयीबियी नंतर. आधी हे एका माणसाला तोंडानं सांगायचं, आजच्या आज, बायको, भाऊ, मित्र, कुणीही. फवारणीची औषधं घरात किंवा हाताशी असतील तर ती दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची, कुलपात, किल्ली त्याच्याकडे. हे फार महत्त्वाचं आहे, कारण तो विचार लाटेसारखा येतो आणि ओसरतो, आणि लाट वर असते त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. १४४१६ हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, २०२२ साली सुरू झाला, फुकट आहे, रात्री दोनलाही उचलतात, मराठीत बोलता येतं. आणि झोप, भूक, कामाची इच्छा दोन आठवड्यांच्या वर गेलेली असेल तर तो आजार असू शकतो, मनाचा कमकुवतपणा नव्हे, त्यावर औषधं आहेत, डॉक्टरकडे जायचंच. बागेवर भुरीचा रोग आला तर आपण बागेला "पॉझिटिव्ह राहा" म्हणत नाही.

दुसरं, श्वास घेऊन कर्ज फिटत नाही हे मला माहीत आहे आणि मी तसं सांगणारही नाही. पण कर्जाचा विचार रात्री दोनला केला काय आणि दुपारी चारला केला काय, आकडा तोच राहतो, माणूस मात्र दुपारी जास्त शुद्धीत असतो. म्हणून एक वही करा. रोज दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं, घड्याळ लावून, कर्ज, हप्ता, औषधवाल्याची उधारी, सोसायटीत कुणाला भेटायचं, सगळं त्यात लिहायचं. वीस मिनिटं झाली की वही बंद. रात्री दोनला तोच विचार आला की मनाला सांगायचं, वहीत आहे, उद्या दुपारी बघू. पहिले काही दिवस मन ऐकणार नाही, पंधराएक दिवसांनी थोडं थोडं ऐकायला लागतं.

आणि बागेत रोज एकदा जायचं, पण काम करायला नाही, एक ओळ चालून परत यायचं. हे मुद्दाम सांगतेय. उदासीत आपण वाट बघतो की इच्छा झाली की जाऊ, आणि इच्छा काही येत नाही. उलट चालतं ते, पाय आधी जातात, इच्छा मागून येते, उदासीवरच्या उपचारात ही पद्धत कित्येक वर्षं वापरतात. तुम्ही मला फोनवर म्हणालात, ताई, घड दिसतो गोडी छाटणीनंतर पण काडीत तो उन्हाळ्यातच ठरलेला असतो. खरड छाटणीनंतर एप्रिल-मे-जूनच्या उन्हात काडीच्या डोळ्यात सूक्ष्मघड तयार होतो, वरून काडी नुसती काडी दिसते. हे तुम्हीच सांगितलंत, आणि सांगताना तुमचा आवाज पूर्ण बोलण्यात पहिल्यांदा मोकळा झाला होता, मला ते जाणवलं. बागेबद्दल बोलणं हेच तुमचं औषध आहे बहुतेक, ते बंद करू नका.

म्हणून तिसरी गोष्ट. तुम्ही सांगितलात तो पिंपळगावचा मित्र, त्याला रोज संध्याकाळी एक फोन. पुरुषांना एकमेकांना "कसं वाटतंय" विचारायला जड जातं म्हणून एक युक्ती सांगते, आमच्याकडे घरात आम्ही वापरतो. गोदेला पूर आला की अख्खं नाशिक एकच विचारतं, पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. तसंच विचारायचं, "आज पाणी कुठपर्यंत?" समोरच्यानं "कमरेपर्यंत" म्हटलं की बास, पुढचं ओढून काढायचं नाही. पण "गळ्यापर्यंत" असं उत्तर आलं तर गाडी काढायची आणि जायचं. हे दोघांत आधीच ठरवून ठेवायचं. वाईट दिवशी शब्द सापडत नाहीत, एवढा एक शब्द सापडतो.

पत्र चौथं: मी २१ वर्षांची, कॉलेज रोडला रूम करून राहते, एमपीएससी करतेय. एका व्हिडिओत बघून रोज रात्री कृतज्ञतेच्या तीन गोष्टी लिहायला लागले. आता रोज तेच, आईबाबा, तब्येत, मैत्रिणी. खोटं वाटतं. आणि लिहून झालं की परत रील्स, एक वाजतो. मी निगेटिव्ह आहे का?

नाहीस गं, तू प्रामाणिक आहेस म्हणून तुला खोटं वाटलं. तू जे करतेयस त्याच्या मागे रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांचा २००३ सालचा अभ्यास आहे, आणि त्यातल्या पहिल्या प्रयोगात लोकांनी हे आठवड्यातून एकदा लिहिलं होतं, दहा आठवडे. रोज तेच लिहिलं की मन त्याला हजेरीपटासारखं घेतं.

तू असं कर, तीन ऐवजी एक, आणि आठवड्यातून एकदा, रविवारी वगैरे. पण ती एक गोष्ट नीट लिहायची, जवळून. "मैत्रिणी" असं नको लिहूस. असं लिही की मंगळवारी टेस्ट सिरीजचे मार्क आले, मी जेवले नाही, आणि रूममेट काही न बोलता मिसळ घेऊन आली, पाव गार झाले होते म्हणून तिनं तव्यावर भाजले, आणि मी खाईपर्यंत समोर बसून नखं कुरतडत राहिली. असं लिहिलंस की तो मंगळवार परत येतो, नुसत्या शब्दानं तो येत नाही.

आणि आठवड्यात एक वाईट गोष्टही लिही ना. कटऑफ दोन मार्कांनी गेला, रडू आलं. आनंदाच्या वहीत दुःखाला जागा नसली की वही खोटी पडते, मला तरी तसंच वाटत आलंय.

रील्सचं मी तुला रागावणार नाही. दिवसभर अभ्यास करून मेंदू दमतो आणि त्याला काहीतरी सोपं हवं असतं. फक्त फोनचं चार्जर पलंगापासून लांब लाव, खोलीच्या दुसऱ्या भिंतीला, आणि अलार्मसाठी दोनशे-तीनशे रुपयांचं घड्याळ घे. मनाशी भांडण्यापेक्षा चार्जर हलवणं सोपं आहे. आणि दिवसातून एकदा, एकदाच, अभ्यासाशी काही संबंध नसलेलं हातानं काहीतरी कर, वेणी घालणं, कपडे वाळत घालणं, भाजी निवडणं. तुझ्या वयाला "रिझल्ट लागेपर्यंत आनंद बंद" असं अनेक जणी ठरवून टाकतात आणि या परीक्षांना तर वर्षंच्या वर्षं जातात. ती वर्षंही तुझ्याच आयुष्यातली आहेत.

पत्र पाचवं: निवृत्त शिक्षक, वय ६८, पंचवटी. पत्नी जाऊन १४ महिने झाले. मुलगा पुण्याला. सकाळ कशीबशी जाते, संध्याकाळी पाच ते आठ घर खायला उठतं. परवा शेजारच्या मुलानं काहीतरी सांगितलं आणि मी मोठ्यानं हसलो, आणि लगेच वाटलं ती नाही आणि मी हसतोय. सवय वगैरे या वयात लागते का?

सर, आधी हसण्याबद्दल. तुम्ही हसलात त्यानं बाईंच्या वाटणीचं काही कमी झालं नाही. दुःख आणि हसू एकाच घरात राहतात, एकमेकांना दार उघडून देतात, मी हे आमच्या घरात बघितलंय.

माझे वडील गेले तेव्हा आई ६४ ची होती. पहिलं वर्ष ती दुपारच्या चहाला दोन कप काढायची आणि एक परत ठेवायची. तिला पेपरातलं शब्दकोडं सोडवायचा नाद, पेन्सिलनं सोडवायची, कारण दोघं मिळून सोडवायचे आणि बाबांचं चुकायचं, मग खोडावं लागायचं. बाबा गेल्यावर तिनं ते बंद केलं. मग कधीतरी परत पेन्सिल घेतली. मला बरेच महिने कळलं नाही ते असं, की ती रोज कोडं जवळजवळ पुरं करायची आणि एक शब्द मुद्दाम रिकामा ठेवायची. पाच वाजले की पेपर घेऊन गॅलरीत जायची आणि शेजारच्या काकूंना हाक मारायची, "अहो, आडवे सात येत नाहीये, पाच अक्षरी आहे, बघता का?" काकूंना यायचं किंवा नाही यायचं, पण त्या बाहेर यायच्या. त्यावरून भाजीचा विषय, गुडघ्याचा विषय, कुणाच्या लग्नाचा विषय, सहा वाजायचे. एकदा पेपर माझ्या हाती लागला, समासात तिनं बारीक अक्षरात तो रिकामा शब्द लिहून ठेवला होता. तिला येत होतं सगळं.

तिला मी कधी विचारलं नाही. आता ती नाही. पण मला अजून वाटतं की सावरण्याबद्दल मी जे काही वाचलंय त्यात याच्याइतकं शहाणं क्वचितच काही होतं. एकट्यानं करता येणारी गोष्ट तिनं दोघांची करून टाकली, आणि तीही बरोबर त्या वेळेला जी वेळ तिला खात होती.

हार्वर्ड विद्यापीठात १९३८ सालापासून एक अभ्यास चालू आहे, माणसांच्या आयुष्यभराचा, आधी त्या लोकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचाही. इतक्या वर्षांत त्यांच्या हाती जे ठळक लागलं ते म्हणजे म्हातारपणी तब्येत आणि समाधान टिकायला जवळची माणसं असण्याचा फार मोठा वाटा असतो. जवळची म्हणजे ढीगभर नव्हेत. ज्याला हाक मारली तर येईल असा कुणी.

तुमच्या पाच ते आठच्या तीन तासांचं काय करायचं ते तीन तुकड्यांत बघा, पूर्ण संध्याकाळ भरायला जाऊ नका, ती भरत नाही. पाच वाजता दारातून बाहेर पडायचं एवढं पक्कं. घाटावर जा, पण रोज त्याच वाटेनं आणि त्याच वेळेला, कारण रोज त्याच वेळेला दिसणाऱ्या माणसाशी तिसऱ्या आठवड्यात मान हलवून ओळख होते आणि दुसऱ्या महिन्यात बोलणं सुरू होतं. पाऊस असेल, गोदेला पाणी असेल, त्या दिवशी वाड्याच्या दारापर्यंत. आठवड्यातून एक-दोनदा सार्वजनिक वाचनालयात जा, १८४० पासूनची संस्था आहे, तुमच्यासारख्या मास्तर माणसाला तिथे परकं वाटणार नाही. आणि सात वाजता मुलाला फोन, पण "जेवलास का" एवढ्यावर थांबू नका, त्याला रोज एक छोटी मदत मागा, मोबाईलमधली, बँकेची, एखाद्या शब्दाची. मुलांना आपला बाप सांभाळायचा असतो, सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

या वयात सवय लागते का, तर लागते. तुम्ही १४ महिन्यांत एकट्यानं राहायची सवय लावलीतच की, नको असताना लावलीत.

तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय की शेजारचा तो मुलगा चौथीत आहे आणि त्याला पाढे येत नाहीत. सर, उद्या पाच वाजता त्याला हाक मारा. रोज एकच पाढा, एकदाच म्हणायचा, दोघांनी मिळून, पायरीवर बसून. तेरापासून सुरू करा, तिथे बहुतेक सगळेच अडतात. आणि मध्ये कुठेतरी तुम्हीही अडलात असं दाखवा.